टिकारामच्या हातची मासोळी

टिकाराम ढिवरानं मला एकदा मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. स्वतःच्या हातानं रांधून, स्वतःच्या हातानं वाढून, वर आग्रह करकरून. आणि तरीही या जन्मात मी ज्याचे सगळ्यांत जास्त उपकार मानतो तो माणूस हाच. असं म्हटलं की ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात. बघू देत बापडे. अर्धी गोष्ट ठाऊक असलेले लोकच जास्त बोलतात, म्हणून आज मी ती पूर्ण सांगून टाकतो.

मी जागेश्वर, बिरसीचा, धान पिकवणारा. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत सरकारनं आमच्या गावाला लागून विमानांसाठी धावपट्टी केली, तिच्या मुरमाच्या कामावर मी होतो. ते काम संपलं तेव्हा गोंदियाच्या स्टेशनाबाहेर भरती चालू होती. बंदुकीची नव्हे, कुदळ-फावड्याची पलटण. रस्ते करायचे, धक्के बांधायचे, जहाजातला माल उतरवायचा. रांगेत माझ्यापुढे एक बुटका, रुंद छातीचा गडी उभा होता. अर्जुनीकडचा, प्रतापगडाच्या अलीकडे तलावाच्या पाळीवर वसलेल्या एका गावचा. भरतीच्या बाबूनं त्याला विचारलं, "क्या काम आता है?"

"मासोरी धरता येते," टिकाराम म्हणाला.

"तो समुंदर में पकड़ना," असं म्हणून बाबू हसला आणि त्याचा अंगठा घेतला.

बाबूनं थट्टा केली होती. टिकारामला ते सरकारी आश्वासन वाटलं. गाडीत बसल्यापासून तो मला समुद्र किती खोल असतो, त्यात आपल्या तलावातली मरळ सापडते का, हेच विचारत होता. मला काय ठाऊक? मी तोवर वैनगंगेहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

जन्म तलावात गेलेला हा माणूस, पण जहाज हललं आणि गडी आडवा झाला. पोटात पाण्याचा घोट टिकेना. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचो, त्याची ओकारी पुसायचो आणि त्याला शिव्याही द्यायचो. मला राग लवकर येतो, आणि काळजी वाटली की जास्तच येतो. "भाऊ," तो डोळे मिटून म्हणायचा, "हे पानी नोय गा. याले काठच नाई." जमिनीवर उतरल्यावर त्यानं माझे पाय धरले. मी त्याला ढकलून दिलं. पण ते त्याच्या मनात राहिलं, आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं.

आम्हाला उतरवलं त्या बेटाचं नाव कुणी सांगितलं नाही. हिंदी महासागरात कुठंतरी. नारळाची झाडं, पांढरी वाळू आणि चहूबाजूंनी पाण्याखाली पोवळ्याचे खडक. त्या खडकांमुळे होड्या किनाऱ्याला लागत नव्हत्या, म्हणून सुरुंग लावून वाट मोकळी करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. फुटलेली पोवळी मरून जायची आणि ढिगाढिगानं तशीच पाण्यात पडून राहायची. जेवायला डब्यातलं काहीबाही, सुकी डाळ आणि कुबट वासाचा तांदूळ. धानाच्या मुलखातल्या माणसाला असा भात म्हणजे शिक्षाच.

टिकारामनं पोत्यांच्या सुतळीचं जाळं विणायला घेतलं. काम सुटलं की नारळाला पाठ टेकून बसायचा आणि बोटं चालू. जाळं पुरं झालं तसा तो ओहोटीच्या उथळ पाण्यात उतरला आणि वीत-वीतभर मासोळ्या घेऊन आला. तेल मोजकं, मिरच्या वाळक्या, पण त्या रश्श्यानं कंपनीला घर आठवलं. मग दर सुट्टीला हेच सुरू झालं. एरवी कुणाकडे बघून न हसणारा हवालदारसुद्धा ताटली घेऊन रांगेत उभा राहू लागला. टिकाराम वाढायचा, मग उकिडवा बसून खाणाऱ्यांची तोंडं बघायचा. कुणी बोटं चाटली की हा खूश. लोकांना पोटभर खाऊ घालणं याशिवाय त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मी त्याला म्हणायचो, "तुझी बायको पगाराची वाट पाहून राहिली असेल, आणि तू इथं खानावळ काढली." तो नुसता हसायचा.

मासोळी पारखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कल्ले उचलून बघायचा, लाल पाहिजेत. डोळा पाणीदार पाहिजे. अंगठ्यानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. त्याच्या बापानं, आजानं तलावाच्या पाळीवर हेच पाहिलं होतं आणि त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं पोट कधी दुखलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एकदा त्यानं आम्ही फोडलेल्या वाटेच्या कडेला गरी टाकली. तासाभरानं तो खांद्यावर एक धूड घेऊन आला. तांबूस अंगाचा, रुंद जबड्याचा मासा, शेपटी त्याच्या गुडघ्याला लागत होती. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. टिकारामनं कल्ले पाहिले, डोळा पाहिला, अंग दाबून पाहिलं. सगळं उत्तम. अख्खी कंपनी भोवती जमली.

आता तलावांत मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची एक रीत सांगतो. मोठी मासोळी लागली की तिचं डोकं आणि काळीज ज्याला मान द्यायचा त्याच्या पानात पडतं. जावई असो, पाहुणा असो, गावचा म्हातारा असो. आणि रांधणारा, वाढणारा सगळ्यांच्या मागून बसतो, उरलं तर खातो. टिकारामच्या मनात जहाजावरचं ते देणं होतंच. त्यानं काळीज निखाऱ्यावर भाजलं, मीठ लावलं, डोकं रश्श्यात शिजवलं आणि सगळ्यांदेखत माझ्या ताटलीत ठेवलं.

"खा भाऊ. हे तुमचाच व्हय."

मी खाल्लं. खोटं कशाला बोलू, तसं चवदार काळीज मी पुन्हा कधी खाल्लं नाही. रश्श्यात बोटं फिरवून तेही चाटलं. त्याच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाचा चमचाभर रस्सा आला.

दिवस मावळायच्या आधीच पोटात कळ उठली. ओकाऱ्या, हगवण, सगळं एकदमच. खाल्लेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्रास झाला, पण माझं वेगळंच होतं. ओठांना मुंग्या आल्या, मग जिभेला, मग बोटांना. दात हिरडीतून सुटून आल्यासारखे वाटायला लागले. पाय उचलेना. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, कुणीतरी गार पाण्याचा गिलास हातात दिला तर निखारा धरल्यासारखा हात भाजला. मी किंचाळून गिलास फेकला. गार पाणी भाजतं म्हटल्यावर लोकांना वाटलं, माझं डोकंही गेलं. नाडी इतकी मंद झाली की फौजी डॉक्टर बराच वेळ मनगट धरून ठोके मोजत बसला.

हवालदारानं टिकारामला तंबूसमोर उभं केलं. पलटणीत तेव्हा फितुरीच्या अफवा रोजच्याच होत्या. मी खाटेवरून ऐकत होतो.

"सबको खिलाया, तूने क्यों नहीं खाया?"

 वाढणारा मागून बसतो हे टिकाराम कुणाला आणि कोणत्या भाषेत सांगणार? आणि ज्याला मान दिला तोच सगळ्यांत जास्त तडफडतो आहे, हे त्याला स्वतःलाच समजत नव्हतं. तो गेला, पातेल्याजवळ टाकलेले काटे, खरवड, जे काही राहिलं होतं ते गोळा केलं, हवालदारासमोर मांडी घालून बसला आणि खाल्लं. हवालदारानं हात धरून ओढलं तोवर निम्मं पोटात गेलं होतं.

मूर्ख माणूस! मला हे कळलं तेव्हा उठून त्याच्या दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं, पण हात उचलायची ताकद नव्हती. त्यालाही ओकाऱ्या झाल्या, त्याचेही ओठ बधिर झाले. हवालदारानं मात्र त्यानंतर फितुरीची चौकशी तिथंच सोडून दिली.

आणि मग टिकारामनं मला जगवलं. औषध डॉक्टरजवळही नव्हतं. जगवलं ते टिकारामच्या हातांनी. गार पाणी मला भाजतं हे वेड नाही, खरं आहे, यावर सगळ्यांत आधी त्यानं विश्वास ठेवला, कारण त्याच्या हातालाही थोडं तसंच होत होतं. तो पाणी उन्हात ठेवून कोमट करायचा आणि चमचा-चमचा पाजायचा. समुद्राचा गार वारा अंगाला झोंबायचा तर तंबूच्या त्या बाजूला पोती टांगून ठेवली. अंग खाजून खाजून मी रडकुंडीला यायचो, तेव्हा खोबरेल चोळायचा. माझी घाण काढली, कपडे धुतले, मला लहान पोरासारखं उचलून बाहेर नेलं. मी त्याला किती बोललो असेन! चिडून, ओरडून, नको ते. तो म्हणायचा, "बोला भाऊ. बोलून राहिले म्हंजे जिते हाव." जन्मदात्या आईनंतर माझं असं कुणी केलं नाही. 

नारळाच्या वाडीत काम करणारा एक बेटावरचा म्हातारा नंतर आला. त्यानं फोडलेल्या वाटेकडे बोट दाखवलं, दोन्ही हात फाकवून मोठ्या माशाचं माप केलं आणि जोरजोरानं मान हलवली. तिथले मोठे मासे ते लोक खातच नव्हते. आम्ही त्याला आधी विचारलं नव्हतं, आणि विचारायला आमच्याजवळ त्याची भाषाही नव्हती.

खरा प्रकार मला पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या एका डॉक्टरांनी समजावला. पोवळ्याच्या खडकांवर, मेलेल्या पोवळ्यावर तर अधिकच, शेवाळाच्या जातीचे बारीक जीव वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांतल्या काहींच्या अंगात विष असतं. लहान मासे खडक खरवडून ते खातात, मोठे मासे त्या लहानांना खातात, आणि विष मोठ्याच्या अंगात साठत जातं. काळजात आणि डोक्यात सगळ्यांत जास्त. माशाला त्याचं काही होत नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, उकळून जात नाही, आणि मासा कितीही ताजा असला तरी त्याचा काही संबंध नाही. आम्ही सुरुंगानं खडक फोडले त्यामुळेही ते शेवाळ वाढलं असेल, असं डॉक्टर म्हणाले, पण खात्रीनं सांगता येत नाही म्हणाले. म्हणजे टिकारामची पारख चुकली नव्हती. ती आमच्या तलावांची पारख होती आणि समुद्राला ती लागू नव्हती. पण हे सगळं पुढचं. तेव्हा ना त्याला हे ठाऊक होतं, ना मला.

त्यानं जाळं तोडून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी पाहिलं तर सुतळीचे तुकडे झाले होते.

लढाई संपली, आम्ही परत आलो. माझ्या पायातला अशक्तपणा जायला बराच काळ लागला, पण गेला. शेहेचाळीसच्या पावसाळ्यानंतर मी छोट्या रुळांच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि त्याच्या गावी गेलो. त्याची बायको शामकला हिनं पाय धुवायला पाणी दिलं. टिकाराम दारातच गळ्यात पडला. मग जेवायला बसलो तर पानात भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी. तलावाच्या काठी, ढिवराच्या घरी, पाहुणा आला आणि मासोळी नाही! मी तोंडफटकळ माणूस, विचारून मोकळा झालो.

टिकाराम उठून बाहेर गेला. शामकला चुलीजवळून म्हणाली, "आला तवापासून मासोरीच्या जाऱ्याले हात नाई लावला भाऊजी. शिंगाडे लावते तरायाच्या पान्यात, लगनात पानी भरते लोकायच्या. मासोरी म्हनली की उठून जाते. पोरायले बी खाऊ देत नाई. लोक हासतेत. म्हनतेत, ढिवर होऊन पान्याले भेते."

"मी तर जिता आहे," मी म्हणालो.

"मी बी तेच सांगतो त्याले. तो म्हनते, माह्या हातात जहर हाय."

मी बाहेर जाऊन त्याला खूप समजावलं, मग खूप शिव्या दिल्या. दोन्हींचा उपयोग झाला नाही. तो तलावाकडे पाठ करून बसला होता. परतीच्या गाडीत मला माझ्या त्या आजाराचा राग आला. मी उठून हिंडूफिरू लागलो होतो, आणि हा माणूस अजून आजारीच होता. ज्या हातांनी मला जगवलं तेच हात त्याला नकोसे झाले होते.

सत्तेचाळीसच्या माघात माझी घरवाली अनुसया बाळंत झाली. मुलगी झाली, पण अनुसयेला दूध येईना. पोरीला भावजय पाजत होती, पण तिला स्वतःचं लेकरू होतं, ती किती दिवस पुरणार? बायजाबाई सुईण म्हणाली, "जिती मरळ आना, पातर रस्सा पाजा. दूध उतरंल."

गोंदियाच्या बाजारात मासोळी मिळत नव्हती असं नाही. पण अनुसयेनं मला खाटेजवळ बोलावलं. टिकारामची सगळी गोष्ट तिला मी सांगितलेली होती, पानात वांग्याची भाजी आली तिथपर्यंत.

"टिकारामभाऊच्या हातची आना," ती म्हणाली.

माझी आई दारातून ओरडली, "पागल झाली का? त्यानंच तुह्या मानसाले जहर चारलं होतं!"

"त्यानंच तो मले वापस बी आनून देल्ला," अनुसया म्हणाली. "मी खाईन तर त्याच्याच हातची खाईन."

शूर कोण असं मला कुणी विचारलं तर मी लढाईतल्या कुणाचं नाव घेणार नाही. आठ दिवसांची बाळंतीण, अंगात त्राण नाही, समुद्र आणि शेवाळ यातलं तिला काही कळत नव्हतं, आणि तरी तिनं आपला आणि पोरीचा जीव त्या माणसाच्या हातात द्यायचं ठरवलं. मी पहिल्या गाडीनं निघालो.

टिकारामनं ऐकून घेतलं आणि मागं सरकला. "नाई भाऊ. माही जान मांगा. हे नोका मांगू."

"तुझी जान घेऊन मी काय करू? पोरगी उपाशी आहे."

"दुसऱ्याजवरून घ्या ना. गावात का ढिवर नाई?"

"तिनं तुझं नाव घेतलं आहे. कुणाही ढिवराच्या हातची नाही, टिकाराम, तुझ्या हातची."

 शामकला आतून आली, दिराचं जाळं त्याच्या पायाजवळ टाकलं आणि म्हणाली, "एका बाळंतिनीनं सबद टाकला. आता तरी जाशीन का नाई?" बोलताना ती रडत होती. टिकारामनं जाळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकला.

माघातलं तलावाचं पाणी थंडगार असतं. तो छातीपर्यंत पाण्यात उतरला आणि नुसता उभा राहिला. इतका वेळ, की मला वाटलं तो आता तसाच परत येईल. मग त्यानं जाळं फेकलं. हात विसरले नव्हते. पाळीवर गावातली माणसं गोळा झाली, पण एकही जण हसला नाही.

मरळी जिवंत राहाव्या म्हणून त्यानं मडक्यात तलावाचं पाणी घातलं आणि गाडीत ते मडकं मांडीवर धरून बसला.  बिरसीला पोचल्यावर मासोळी त्यानंच कापली, त्यानंच शिजवली. आई चुलीजवळ उभी राहून बघत होती. रस्सा तयार झाला तेव्हा त्यानं सगळ्यांआधी स्वतः वाटीभर प्यायला, आणि आम्हाला थांबायला सांगितलं.

"किती थांबू?" अनुसया आतून म्हणाली. "द्या इकडं." तिनं वाटी घेतली आणि एका दमात संपवली. मग दुसरी मागितली.

टिकाराम अंगणात जाऊन बसला. जेवायला उठला नाही, पाणी घेतलं नाही. आत भांडं वाजलं तरी दचकायचा. मी शेजारी बसून राहिलो. या वेळी त्याला शिव्या द्याव्या असंही वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा रस्सा केला, तिसऱ्या दिवशीही केला. अनुसया दर वेळी मागून घेऊन प्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आत पोरगी रडायची थांबली. तो ताडकन उभा राहिला, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. मीही उठलो. आई दारात आली. तिच्या डोळ्यांना पदर होता.

"पिऊन राहिली," ती म्हणाली. "मायचं पिऊन राहिली."

टिकाराम खाली बसला आणि ढसढसा रडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ज्या बाईनं त्याला जहर चारणारा म्हटलं होतं तिनंच. थोड्या वेळानं अनुसया भिंतीला धरून दारापर्यंत आली. तिच्या छातीशी पोरगी होती. तिनं ती टिकारामसमोर धरली.

त्यानं हात मागं घेतले. "वयनी, हाताले मासोरीचा वास हाय."

"असू द्या," अनुसया म्हणाली. "त्याच वासानं तिचं पोट भरलं."

त्यानं धोतराला पुसून पुसून हात पुढे केले. पोरगी पोट भरून गाढ झोपली होती. त्याच्या हातात गेली तरी जागी झाली नाही.